जुन्या जीपची ठिणगी वेळेवर कशी बांधावी

आपल्या वाचकांपैकी काहींच्या दारी पेट्रोलवर चालणारी जुनी जीप अद्याप उभी आहे. कोणी ती वाडवडिलांची आठवण म्हणून राखली आहे, तर कोणी मळ्यातील भाजी बाजारास नेण्यासाठी आजही तिचा उपयोग करतो. अशा गाडीसंबंधी दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही व पेट्रोल मात्र जास्त खाते; दुसरी, चालू करताना हँडल उलटे मारते. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळ वेळा एकच असते. सिलिंडरात ठिणगी पडावयाची ती नेमल्या वेळी पडत नाही. ही वेळ बांधण्याच्या कामास मिस्त्री लोक 'टायमिंग लावणे' म्हणतात. हे काम अवघड नाही. त्यास लागणारी हत्यारे अर्ध्या पिशवीत मावतात. परंतु ते एका ठराविक क्रमानेच करावे लागते, आणि तो क्रम मोडल्यामुळेच बहुतेक गाड्या बिघडतात. तो क्रम व त्यामागील कारणे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गाडी कोणती

इंजिने अनेक प्रकारची आहेत, व प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात. म्हणून येथे एकच उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे विलीज जातीच्या जीपचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. अमेरिकेतील ओहायो प्रांतातील टोलेडो या शहरी विलीज-ओव्हरलँड कंपनीने ही गाडी १९४१ सालापासून सैन्यासाठी तयार केली. युद्ध संपताच १९४५ साली तिने शेतकऱ्यांसाठी निराळा नमुना बाजारात आणला. त्यास नांगर ओढण्याची व इंजिनाच्या जोरावर दुसरी यंत्रे चालविण्याची सोय करून घेता येत असे. आपल्याकडे मुंबईच्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच या गाड्या जोडून विकण्यास प्रारंभ केला, व पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत मोटार म्हणजे जीप असे समीकरणच होऊन गेले.

या इंजिनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आत घेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या अशा दोन्ही झडपा खाली ठोकळ्यात असतात. १९५३ सालच्या नमुन्यापासून आलेल्या दुसऱ्यात आत घेणारी झडप वर माथ्यात असून बाहेर सोडणारी तेवढी खाली असते. दोहोंचे माप सुमारे २.२ लिटर आहे. ठिणगीच्या बाबतीत पुढील आकडे दोहोंस सारखेच लागू पडतात, ते वाचकांनी टिपून ठेवावेत:

पॉइंटची फट : ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर.
प्लगची फट : ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर.
ठिणगीचा क्रम : १, ३, ४, २. पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा.
ठिणगीची वेळ : दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या ५ अंश अगोदर.

ज्यांच्याकडे दुसऱ्या जातीचे इंजिन आहे त्यांनी त्या इंजिनाच्या पुस्तकातील आकडे घ्यावेत. रीत हीच राहील, आकडे बदलतील.

वेळ म्हणजे काय

सिलिंडरात दट्ट्या, म्हणजे ज्यास पिस्टन म्हणतात तो, खालीवर चार खेपा घालतो. पहिल्या खेपेस तो खाली येऊन पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या खेपेस वर जाऊन ते दाबतो. तिसऱ्या खेपेस पेटलेल्या वायूच्या जोराने खाली ढकलला जातो. चवथ्या खेपेस वर जाऊन जळका धूर बाहेर लोटतो. या चारांपैकी काम देणारी खेप एकच, तिसरी. ठिणगी पडते ती दुसऱ्या खेपेच्या शेवटी.

आता कोणी विचारील की, दट्ट्या माथ्यावर पोचल्यावरच ठिणगी का पाडू नये? याचे उत्तर असे की, मिश्रण एकदम भडकत नाही. पाचटाच्या ढिगास एका टोकाने काडी लावली असता जाळ दुसऱ्या टोकास पोचण्यास जसा काही अवधी लागतो, तसा येथेही लागतो. मात्र तो सेकंदाचा अत्यंत लहान भाग असतो. दाबाचा पूर्ण जोर दट्ट्या माथा ओलांडून किंचित खाली उतरू लागला म्हणजे मिळावा, यासाठी काडी थोडी आधी लावावी लागते. हा 'थोडे आधी'चा हिशेब क्रँकच्या फेऱ्याच्या अंशांत करतात. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. त्यांपैकी आपले अंतर अवघे ५ अंश.

या पाच अंशांचा काळ किती, हे त्रैराशिकाने पाहू. इंजिन मंद चालीत मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदास १० फेरे, म्हणजे ३,६०० अंश झाले. तेव्हा ५ अंश म्हणजे सेकंदाचा ७२० वा हिस्सा. तेच इंजिन मिनिटास २,४०० फेऱ्यांनी पळू लागले म्हणजे तितक्याच वेळात क्रँक २० अंश फिरते. मिश्रण जळण्यास लागणारा वेळ मात्र त्या मानाने कमी होत नाही. म्हणून वेग वाढला की ठिणगी अधिक लवकर पडली पाहिजे. हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातील दोन लहान वजने आपोआप करतात. ती वेगाबरोबर बाहेर फेकली जातात व पॉइंट उघडणाऱ्या कॅमला थोडे पुढे सरकवितात. आपण बांधावयाची ती फक्त मुळारंभीची वेळ. परंतु मूळ चुकले की त्यावर चढणारा प्रत्येक अंश चुकत जातो.

ठिणगी कशी उत्पन्न होते हेही ध्यानात घेतले पाहिजे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून जाऊन पॉइंट या दोन लहान टिकल्यांवाटे गाडीच्या अंगात, म्हणजे अर्थात, उतरतो. डिस्ट्रिब्यूटरच्या मधल्या दांड्यावर चार उंचवटे असलेला कॅम असतो. उंचवटा आला की पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, आणि तुटण्याच्या त्या क्षणीच कॉइलमध्ये मोठा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी उडते. तात्पर्य, पॉइंट उघडण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण होय. पुढील सर्व विवेचन या एका वाक्यावर उभे आहे. २,४०० फेऱ्यांच्या चालीत हे पॉइंट मिनिटास ४,८०० वेळा, म्हणजे सेकंदास ८० वेळा उघडतात. तेव्हा ते झिजतात यात नवल नाही. बॅटरीवर चालणारी ही रचना चार्ल्स केटरिंग या अमेरिकन शोधकाच्या नावाने ओळखली जाते. ओहायोतील शेतावर जन्मलेला हा गृहस्थ हँडलावाचून मोटार चालू करणाऱ्या विजेच्या स्टार्टरचाही जनक होय. तो स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत प्रथम आला.

लवकर व उशीर यांचे परिणाम

ठिणगी फार लवकर पडली, तर दट्ट्या अजून वर चढत असतानाच पेटलेला वायू त्यास खाली दाबतो. हँडलाने गाडी चालू करणाऱ्यास हा धक्का थेट हातावर बसतो. ऐन सुगीत मनगट मोडून हात गळ्यात बांधून बसलेला गृहस्थ आम्ही पाहिला आहे. गाडी चालू असता चढावर अगर ओझ्याखाली लोखंडावर हातोडी टणटणावी तसा आवाज येतो. तसेच दामटीत राहिल्यास दट्ट्याचा माथा व कड्या यांस इजा होते, आणि बेअरिंगांवर मार बसतो.

ठिणगी उशिरा पडली, तर आवाज काही होत नाही, व म्हणूनच हा दोष अधिक फसवा आहे. वायू जळत जळतच बाहेर सोडणाऱ्या झडपेवाटे निघून जातो. त्याची उष्णता दट्ट्यास काम न देता झडप, धुराची नळी व पाणी यांत जाते. गाडी जड चालते, चढावर गिअर उतरवावा लागतो, रेडिएटर लवकर तापतो, व पुढे झडपेची कड जळते. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराने अशाच गाडीसाठी रेडिएटर खोलून साफ करविला व नवा कार्बोरेटरही घेतला. गुण येईना तेव्हा पॉइंट पाहण्यात आले. त्यांची फट निम्म्यावर आली होती. दोन मिनिटांच्या कामासाठी दोन महिन्यांचा खर्च झाला.

पहिले काम: फट

वेळेस हात लावण्यापूर्वी पॉइंटची फट बरोबर केली पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम आहे. कारण उघड आहे. फट मोठी केली तर कॅमचा उंचवटा थोडा चढताच पॉइंट उघडतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते. फट लहान झाली तर ते उशिरा उघडतात. अर्थात फट बदलली की वेळ आपोआप बदलते; उलटपक्षी वेळ बदलल्याने फट बदलत नाही. जो मनुष्य आधी वेळ लावून मग फट नीट करतो तो आपल्याच हाताने केलेले काम मोडतो. आमचे आयुष्य महसूल खात्यात गेले. तेथे मोजणी झाल्याखेरीज हद्दीचा दगड कोणी हलवीत नाही. येथे फट ही मोजणी व वेळ हा दगड समजावा.

पॉइंटच्या हलत्या पट्टीस कॅमवर घासणारा एक कठीण ठोकळा असतो. तो झिजत जातो तसतशी फट लहान होत जाते, व ठिणगी दिवसेंदिवस उशिरा पडू लागते. गाडी हळूहळू मंदावली, अशी तक्रार असेल तर प्रथम संशय येथेच घ्यावा.

कृती अशी. गिअर मोकळा ठेवून हातब्रेक ओढावा. किल्ली बंद करावी. चारही प्लग काढावेत, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीस सिलिंडरच्या अंकाची चिठ्ठी बांधावी. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपच्या चापण्या सोडून कॅप बाजूस करावी व रोटर वर उचलून काढावा. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) मधला दांडा बोटांत धरून आडवा हलवून पाहावा. त्यास जाणवण्याइतका खुळखुळाट असेल तर आतील बुश झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्यूटरवर लावलेली वेळ टिकत नाही. आधी बुश बदलावेत.

(२) पॉइंटची तोंडे पाहावीत. एका टिकलीवर टेंगूळ व दुसरीवर खड्डा झाला असेल तर फट मोजण्याची पाती टेंगळावर अडते. दिसते अर्धा मिलिमीटर, परंतु खरी फट त्याहून अधिक असते. असे पॉइंट बदलणेच बरे. नवा जोड काही फार महाग नसतो. तोंडे काळी पडून वरचेवर जळत असतील तर कंडेन्सर तपासून घ्यावा.

(३) हँडल सावकाश फिरवून घासणारा ठोकळा कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर शेंड्यावर आणावा. येथेच फट सर्वांत मोठी असते, व येथेच ती मोजावयाची. फिलर गेजची ०.०२० इंचाची पाती स्वच्छ पुसून दोन टिकल्यांमध्ये घालावी. ती किंचित अडखळत सरकावी. सैल पडू नये व पट्टीस ढकलू नये. चूक असल्यास पॉइंटचा स्थिर भाग धरणारा स्क्रू सैल करून फट जमवावी, स्क्रू आवळावा, आणि आवळल्यावर पुन्हा मोजावे. कारण आवळताना फट पुष्कळदा सरकते.

(४) कॅमवर डाळीच्या दाण्याएवढे ग्रीस लावावे. अधिक लावल्यास ते उडून पॉइंटवर बसते.

(५) टिकल्यांमधून कोरा स्वच्छ कागद ओढून तेल अगर हाताचा मळ पुसून घ्यावा.

दुसरे काम: खूण व दिवा

फट जमल्यावर वेळ लावावी. यास एक लहान दिवा लागतो. गाडीच्या व्होल्टाचा बारीक बल्ब, त्यास दोन वायरी, व वायरींच्या टोकास चिमटे, एवढेच साहित्य. जुन्या जीप मुळात ६ व्होल्टच्या होत्या. पुढे पुष्कळांत १२ व्होल्टची बॅटरी बसविलेली आढळते. म्हणून बल्ब बॅटरी पाहून घ्यावा.

प्रथम इंजिनावरील खूण शोधावी. आरंभीच्या गाड्यांत ती फ्लायव्हीलवर कोरलेली असून त्याच्या घरास ठेवलेल्या लहान झाकणीतून दिसते. नंतरच्या गाड्यांत पुढील पुलीवर रेघ व इंजिनाच्या पुढच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात. दट्ट्या माथ्यावर असल्याची एक खूण व त्याआधी पाच अंशांची दुसरी खूण असते. आपणास लागते ती पाच अंशांची. ती बहुधा चिखल व तेल यांखाली दडलेली असते. तारेच्या ब्रशाने साफ करून तीवर खडूची अगर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी.

आता पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्या मनुष्याकडून हँडल सावकाश फिरवावे. अंगठा आतील हवेने वर उचलला जाऊ लागला म्हणजे ती दाबाची खेप समजावी. ही परीक्षा आवश्यक आहे, कारण चार खेपांत क्रँकचे दोन फेरे होत असल्यामुळे खूण दोन वेळा समोर येते; एकदा दाबाच्या खेपेस व एकदा धूर लोटण्याच्या खेपेस. हवेचा जोर लागताच आणखी हळू फिरवून खूण अचूक जुळवावी. खूण ओलांडून पुढे गेली तर ती मागे ओढून जुळवू नये. दातांच्या चाकांत थोडी ढिलाई असते, व मागे ओढल्यास ती उलट बाजूस पडून वेळ खोटी दिसते. अशा वेळी पूर्ण दोन फेरे पुढे फिरवून पुन्हा खुणेवर यावे.

रोटर जागेवर ठेवून पाहावे. पहिल्या सिलिंडरची वायर कॅपच्या ज्या भोकात जाते, त्याच दिशेस त्याचे तोंड असले पाहिजे. तोंड नेमके उलट असेल तर आपण धुराच्या खेपेवर आहो. एक फेरा आणखी द्यावा. तोंड भलतीकडेच असेल तर पूर्वी कोणी ऑइल पंप काढून चुकीच्या दातावर बसविला असावा, कारण या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर ऑइल पंपाच्या दांड्यावरच फिरतो. ते काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडे सोपवावे.

यानंतर डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा धरणारा बोल्ट इतकाच सैल करावा की त्याची बैठक हाताने जोर लावून फिरेल, आपण होऊन हलणार नाही. दिव्याचा एक चिमटा कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे येणाऱ्या बारीक वायरीच्या खिळ्यास व दुसरा इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावावा. किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असता प्रवाह त्यांतूनच उतरून जातो, व दिवा लागत नाही. ते उघडताच प्रवाहास दिव्याखेरीज वाट राहत नाही, व तो लागतो. म्हणजे दिवा लागण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण. पॉइंट डोळ्यांस उघडे दिसत असूनही दिवा लागत नसेल, तर एक तर प्रवाहच येत नाही, अथवा कंडेन्सर किंवा आतील वायर लोखंडास चिकटली आहे.

या इंजिनात वरून पाहिले असता रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. हँडल फिरवीत असता डोळ्यांनी पाहून याची खात्री करून घ्यावी. बैठक रोटरच्या दिशेने फिरविली की ठिणगी उशिरा पडते. विरुद्ध फिरविली की लवकर. प्रथम बैठक रोटरच्या दिशेने दिवा विझेपर्यंत फिरवावी. मग उलट दिशेने, केसाच्या अंतराने, सरकवीत आणावी. दिवा लागला की त्याच जागी थांबावे व बोल्ट आवळावा. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे येथे एक अंश सरकले तर वेळ दोन अंशांनी बदलते. म्हणून हात हलका ठेवावा.

बोल्ट आवळल्यावर काम संपले असे मानू नये. हँडल पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेजवळ यावे व दिव्याकडे पाहावे. खूण समोर येते त्याच क्षणी दिवा लागला, तर वेळ बरोबर बसली. आधी अगर नंतर लागला तर पुन्हा लावावी. परीक्षा झाली की किल्ली ताबडतोब बंद करावी; पॉइंट मिटलेले असता किल्ली चालू राहिल्यास कॉइल तापते.

शेवटी प्लगची फट ०.०३० इंच करून प्लग बसवावेत, आणि वायरी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने १, ३, ४, २ या क्रमाने लावाव्यात.

कानावर का विसंबू नये

जुन्या मिस्त्री लोकांची एक रीत अशी आहे की, बैठक हळूहळू आगाऊ फिरवीत जावी, चढावर इंजिन टणटणू लागले की तेथून जराशी मागे घ्यावी, व तीच योग्य वेळ समजावी. ही रीत त्यांच्या काळी अगदी निराधार नव्हती. त्या वेळचे पेट्रोल हलके असे, ते लवकर भडके, आणि वेळ थोडी आगाऊ झाली की इंजिन लगेच आवाज देई. तो आवाज म्हणजे धोक्याची घंटाच होती.

आज तो आधार राहिला नाही. पेट्रोल दाबाखाली अवेळी न भडकता किती टिकाव धरते हे ऑक्टेन या अंकाने दाखवितात. आजच्या साध्या पेट्रोलचा हा अंक ९१ अगर त्याहून अधिक असतो. आपली ही जुनी इंजिने तर मिश्रण जेमतेम साडेसहा ते सात पट दाबणारी. एवढ्या थोड्या दाबाखाली आजचे पेट्रोल सहसा टणटणत नाही. म्हणून जो मनुष्य आवाज येईपर्यंत बैठक फिरवीत जातो तो योग्य जागा केव्हाच ओलांडून जातो, व त्यास घंटा ऐकूच येत नाही. गाडी चालू राहते, परंतु हँडल मारण्याचा धोका वाढतो, व दट्ट्यावर अकारण भार पडतो. मनगटास धक्का बसावयाचा तो आवाज झाला नाही म्हणून टळत नाही.

इंधनात आणखीही दोन फरक झाले आहेत. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालीत. ते झडपांच्या बैठकींस झिजू देत नसे. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली, व हवेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्यामुळे जुन्या झडपांस उष्णता पूर्वीपेक्षा अधिक बाधते. तेव्हा उशिराची ठिणगी आता दुप्पट टाळावी. दुसरे, आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते, व २०२५ साली हे प्रमाण शेकडा २० वर पोचले. उसास गिऱ्हाईक मिळाले ही आपणांस आनंदाची गोष्ट खरी. परंतु जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे या मिश्रणासाठी केलेले नव्हते. ते नरम पडतात व झिरपतात. शिवाय जुन्या कार्बोरेटरात त्यामुळे मिश्रण विरळ होते. गाडी धक्के देऊ लागली व फट आणि वेळ दोन्ही बरोबर निघाली, तर मग नळ्या व कार्बोरेटर पाहावा, त्याआधी नव्हे.

गाडी चालू करताना व नंतर

हँडल धरावयाची रीत घरातील प्रत्येक तरुणास शिकवावी. अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली कधीही दाबू नये. असे केल्यास उलटा धक्का बसला तरी हँडल हातातून सुटून जाते. वेळ बरोबर असली तरी ही सवय सोडू नये.

इंजिन तापल्यावर मंद चालीत ठेवावे, व मिस्त्रीजवळ टायमिंगचा लुकलुकणारा दिवा मिळाल्यास खुणेवर रोखून पाहावा. पाच अंशांची रेघ एका जागी स्थिर दिसली पाहिजे. रेघ इकडेतिकडे नाचत असेल तर वर सांगितलेल्या बुशांचाच दोष समजावा. वेग वाढविताच रेघ आगाऊ दिशेस सरकली पाहिजे. न सरकल्यास आतील वजने गंजून अडकली आहेत. तशी गाडी मंद चालीत ठीक वाटते, परंतु रस्त्यावर ओढत नाही.

एक सूचना शेवटी करावीशी वाटते. गाडीत एक लहान वही ठेवावी. तीत तारीख, गाडी किती चालली तो आकडा, फट काय सापडली, काय केली, व वेळ कोणत्या खुणेवर लावली, इतक्या पाच गोष्टी लिहाव्यात. दर दोन-तीन हजार किलोमीटरांनी, अथवा गाडी कमी चालत असल्यास वर्षातून दोन वेळा, पेरणीपूर्वी व सुगीपूर्वी, फट मोजावी. वहीतील दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे पॉइंट किती वेगाने झिजतात ते कळते, व बिघाड होण्यापूर्वीच त्याचा सुगावा लागतो. मिस्त्री बदलला तरी वही बदलत नाही.

सारांश इतकाच. आधी फट, मग खूण, व कानाचा उपयोग सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, व ती बदलल्यावर पुन्हा मोजावी. पुढील रविवारी सवड काढून ज्यांच्या दारी जुनी जीप आहे त्यांनी निदान फट तरी मोजून पाहावी. ती अर्धा मिलिमीटर निघाली तर उत्तमच. न निघाली, तर कार्बोरेटरसाठी बाजूस काढून ठेवलेले पैसे तूर्त बियाण्याकडे वळविण्यास हरकत नाही.